‘कक्षेबाहेर’चं हँडल

मित्रांनो, माझ्या हँडलाने एका संपादकाची तीन बोटं मोडली आहेत. एरवी मी एक जुनं, गरीब स्वभावाचं सायक्लोस्टाइल यंत्र आहे. टाइप केलेला स्टेन्सिल ड्रमवर चढवायचा, शाई भरायची, हँडल फिरवायचं. एका फेऱ्याला एक पान.

माझ्यावर ‘कक्षेबाहेर’ नावाचं मासिक निघे. विज्ञानकथांची समीक्षा, दुसरं काही नाही. संपादक भौतिकशास्त्राचे मास्तर; स्टेन्सिल टाइप करायच्या त्यांच्या पत्नी. मासिकाचा एक नियम होता: ज्याच्या पुस्तकाचं परीक्षण, त्यानेच येऊन हँडल फिरवायचं. टीका स्वतःच्या हाताने छापली की पचते, असं मास्तरांचं मत. पचलेली मी तरी पाहिली नाही. पहिल्या वर्षी एकाने शाईची बाटली मास्तरांच्या डोक्यात घातली. दुसऱ्या वर्षी एकाने कानाखाली असा जाळ काढला की चष्मा खोलीच्या त्या टोकाला सापडला. मास्तर पुढच्या अंकात लिहीत, “लेखकाचा प्रतिसाद जोरदार होता.” लोक म्हणत, असं निर्भीड मासिक दुसरं नाही. त्या काळात मला नेमाने तेल मिळे.

आठव्या वर्षी मास्तरांच्या मेहुण्याने कादंबरी लिहिली. बाईंचा धाकटा भाऊ. आईमागे त्यांनीच वाढवलेला. रविवारी सकाळी तो हसत आला आणि हँडल फिरवू लागला. पहिलं पान बाहेर पडलं. त्याने ते वाचलं.

“दाजी, हे काय?”

“चौथं प्रकरण,” मास्तर म्हणाले. “तुझा नायक यान थांबवतो आणि खिडकी उघडून मोकळी हवा घेतो. अंतराळात.”

“ताई, तेवढं खोड गं. ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“मग खिडकी उघडलीस कशाला?” बाई म्हणाल्या.

त्याने हँडल उपसलं. मास्तरांचा हात माझ्या ड्रमवर होता. पहिला घाव तिथे बसला. बोटं काटक्यांसारखी वाजली. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यासाठी त्याने हात उचलला, तेवढ्यात बाईंनी ती साडेचारशे पानांची कादंबरी दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. तो मटकन खाली बसला.

“जाऊ दे,” मास्तर कण्हले. “काढ ते वाक्य. भाऊ आहे तुझा.”

बाईंनी वाकलेलं हँडल पुसलं आणि जागेवर बसवलं.

“ऊठ,” त्या भावाला म्हणाल्या. “तुझ्या पुस्तकाचं आहे. फिरव.”

त्याने फिरवलं. दोनशे प्रती. नाकातलं रक्त पानांवर ठिबकत होतं, बाई पानं उचलत होत्या. मास्तर टॉवेलात हात गुंडाळून म्हणत होते, “शाई फिकी येतेय.”

शेवटची प्रत खिशात कोंबून तो गेला. पुन्हा त्या घरात आला नाही. पुढच्या महिन्यात बाई टाइपरायटरसमोर बसल्या, अर्धी ओळ टाइप केली आणि उठल्या. मासिक तिथे संपलं. मी माळ्यावर गेलो; रबर सुकलं, सांधे गंजले.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. काम झालं की शाई पुसा, वेळेवर तेल सोडा. निगा राखली नाही तरी आमचं एक बरं असतं. माझं नवं हँडल बाईंना दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. भावाचं त्यांना कुठे विचारावं, हे कळलं नाही.