बावखलाकाठचे अँथुरियम

मित्रांनो, एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर किंवा लग्नाच्या स्टेजवर तुम्ही मला नक्की पाहिले असेल. मेण लावल्यासारखे चकचकीत, बदामाच्या आकाराचे लाल पान आणि त्यातून उभी राहिलेली पिवळी वात. ते लाल पान म्हणजेच फूल, असे पुष्कळांना वाटते. खरी फुले त्या वातीवर असतात आणि ती इतकी बारीक असतात की कुणाला दिसत नाहीत. मी एक जुने अँथुरियम आहे. ज्या घरात मी वाढले, तिथे मला सगळे ‘थोरली’ म्हणायचे, म्हणून मी बाईमाणसासारखी बोलते.

माझे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत राहायचे. माझा जन्म मात्र पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत झाला. तिथून टेम्पोने मी वसईला एका फुलांच्या प्रदर्शनात आले. सदानंद चौधरी नावाचे गृहस्थ ऑफिसातून घरी जाताना तिथे डोकावले आणि बायकोसाठी मला घेऊन गेले. त्यांच्या बायकोचे नाव आशालता.

समुद्रकाठच्या राजोडी गावाच्या अलीकडे चौधरींची वाडी होती. नारळ, सुपारी, केळी आणि मोगरा. पलीकडच्या घरात सदानंदांचे मोठे भाऊ जगन्नाथ राहायचे. दोन्ही घरांची विहीर एक होती, आणि वाडीच्या मधोमध एक बावखल होते. बावखल म्हणजे आमच्या भागातले वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बावखल त्याचे खारे पाणी विहिरींपर्यंत येऊ देत नसे, म्हणून तो लांब वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात आशालताबाईंनी मला मातीत लावले आणि मी मरायला टेकले. माझी मुळे मातीत गुदमरतात. मग त्यांनी चौकशा केल्या. नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे केले, त्यात कोळसा आणि विटांचे खडे मिसळले. सोडणात क्षार असतात, म्हणून ते तुकडे बावखलाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पिळून, धुऊन घेतले. त्या वेळी त्यांच्या मांडीवर आडवी पडून मी ते बघत होते. ओट्याला लागून, बावखलाच्या बाजूला त्यांनी हिरवी जाळी बांधली. तिच्या सावलीत, पाण्यावरून येणाऱ्या गारव्यात मी जगले.

माझे खोड वाढत गेले की खालची पाने गळतात आणि उघड्या खोडाला हवेतच मुळे फुटतात. आशालताबाई त्या मुळांना ओला काथ्या गुंडाळून ठेवायच्या. मुळे जाड झाली की धुतलेल्या सुरीने खोड कापायच्या आणि शेंडा नव्या कुंडीत लावायच्या. राहिलेल्या खुंटाला पिल्ले फुटायची. तीही मोठी झाली की वेगळी व्हायची. असे करत जाळीखालची सगळी फळी माझ्याच लेकरांनी भरली. एखादे पिल्लू कापताना त्या नकळत “झालं, झालं” म्हणायच्या, जसे लहान मुलाला सुई टोचताना म्हणतात.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. गणपतीच्या मखरात माझी फुले असायची. नाताळात क्लेमेंटीन डाबरे यायची. ती शेजारच्या आळीत राहायची आणि चर्चमधली वेदी सजवायचे काम तिच्याकडे होते.

“आशा बाय, तुझी फुलं महिनाभर मान टाकत नाहीत. फादर विचारतात, प्लास्टिकची आहेत का?” ती म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

रविवारी विरारच्या बिल्डिंगांतली माणसे रोपे न्यायला येत. प्रत्येकाला आशालताबाई एकच गोष्ट सांगायच्या, “पाणी बेताचं घाला. आणि बोअरिंगचं नको.”

मग एका संध्याकाळी जगन्नाथ आमच्या ओट्यावर येऊन बसले. बरोबर त्यांचा मुलगा संकेत होता. त्याने नोकरी सोडली होती आणि त्याला वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या.

“त्या डबक्यात डासांशिवाय आहे काय?” जगन्नाथ म्हणाले. “बुजवून टाकू. राजोडीला बघ, शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते.”

“भावजी, विहिरीला पाणी तिथनंच येतं,” आशालताबाई म्हणाल्या.

“विहीर आजोबांच्या वेळेपासून आहे. ती कुठे पळून जात नाय.”

“ती नाय जाणार. पाणी जाईल.”

“काकी, आता कोण विहिरीवर जगतं?” संकेत म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. लहानपणी माझ्या पानांवरची धूळ पुसायला तोच पुढे यायचा.

आशालताबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. बावखल दोघा भावांचे होते. सदानंद चहाच्या कपाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “दादा म्हणतो तर...” पुढचे काही त्यांनी बोलून दाखवले नाही. त्यांना बोलावेही लागले नाही.

डंपर आले. मोडलेल्या इमारतींचे तुकडे, फुटक्या लाद्या, गंजलेल्या सळ्या. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा पाणी उसळून काठावर आले आणि मासे गवतात तडफडू लागले. मुलांनी ते टोपलीत गोळा केले. नंतरच्या डंपरांना पाणी उसळले नाही. जाळीखाली धूळ आली आणि माझी पाने राखाडी झाली. आशालताबाईंनी एकेक पान ओल्या फडक्याने पुसले. 

बुजवलेल्या जागेच्या एका टोकाला खोल्या झाल्या, बाकीचा भराव तसाच उघडा राहिला. त्यांच्यापुढे निळ्या लाद्यांची पोहण्याची टाकी झाली आणि ती भरायला खोल बोअर मारली गेली. एक उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या पानांची टोके तपकिरी होऊ लागली, जणू कुणी उदबत्तीने जाळली होती. कळ्या उमलण्याआधीच वाळू लागल्या. आशालताबाईंना वाटले, रोग आला. त्यांनी औषध फवारले, कुंड्या बदलल्या, काळी पडलेली मुळे कापली. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी हात धुता धुता त्यांनी ओंजळीतले पाणी तोंडात घेतले आणि तशाच थांबल्या.

पाणी मचूळ झाले होते.

त्या पेला भरून थेट जगन्नाथांच्या घरी गेल्या. दोन्ही घरांच्या मधे आता उघडा भराव आणि कुंपण यांशिवाय काही नव्हते, त्यामुळे मला सगळे दिसत होते, ऐकूही येत होते.

“प्या, भावजी.”

जगन्नाथ अर्धा पेला प्यायले. उरलेले पाणी त्यांनी केळीच्या बुंध्याशी ओतले. “थोडं खारट लागतं खरं. आमटीत मीठ कमी घाल.”

“माझी झाडं जळतायत.”

“झाडांना काय चव कळते, आशा?”

त्या परत आल्या. सदानंदांनी विचारले, “काय म्हणाला दादा?” आशालताबाई म्हणाल्या, “तुम्ही विचारा की एकदा.” ते गेले नाहीत.

संकेतच्या बोअरचे पाणीही लवकरच खारट झाले. तेव्हापासून पोहण्याच्या टाकीसाठी लांबून गोड्या पाण्याचे टँकर येऊ लागले. “काकी, टाकीतलं घ्या ना हवं तेवढं,” संकेत मनापासून म्हणाला. पण त्या पाण्याला ब्लिचिंगचा वास होता. आशालताबाईंनी नकारार्थी मान हलवली.

पावसाळ्यात त्या पत्र्यावरून पडणारे पाणी पिंपांत भरून ठेवायच्या. ते माघापर्यंत पुरायचे. नंतर क्लेमेंटीनच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणायच्या, कारण ती विहीर अजून गोड होती. सगळ्यांना पुरेल इतके पाणी आणणे त्यांना शक्य नव्हते. मग कुणाला पाणी घालायचे आणि कुणाला नाही, हे त्यांना ठरवावे लागले. त्या कळशी घेऊन माझ्या लेकरांसमोर उभ्या राहायच्या. ज्याच्यापुढून त्या नुसत्याच पुढे जायच्या, त्याला कळायचे. मला त्यांनी कधी वगळले नाही. त्याचे मला सुख वाटले नाही.

क्लेमेंटीनकडून येणारी वाट त्या बुजवलेल्या बावखलावरूनच होती. चैत्रातल्या एका सकाळी कळशी कमरेवर घेऊन येताना आशालताबाईंचा पाय फुटक्या लाद्यांवरून सरकला. कळशी आधी वाजली, मग त्यांचा आवाज आला. पाणी त्या भरावात क्षणात जिरून गेले. मांडीचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, आणि पुढे चालता येईपर्यंत त्यांना विरारच्या मनवेलपाड्याला लेकीच्या, हेमांगीच्या घरी नेले. सदानंद बरोबर गेले. क्लेमेंटीन तेव्हा दुबईला होती, मुलीच्या, शॅननच्या बाळंतपणासाठी. जाळीखाली मी आणि माझी उरलेली लेकरे एवढेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावले वाजली. जगन्नाथ आले होते. अंगात बनियन, हातात बादली.  मग मोठ्या कष्टाने खाली बसून त्यांनी पेल्याने आम्हाला पाणी घालायला सुरुवात केली.

“प्या,” ते पुटपुटले. “आशा येईपर्यंत धीर धरा.”

पाणी विहिरीचे होते.

मित्रांनो, आम्हा झाडांना तोंड नसते. नको म्हणता येत नाही. ते रोज यायचे, सकाळी आणि संध्याकाळी. कुंड्यांच्या काठांवर पांढरा खार साचू लागला. सोडणाचे तुकडे मिठाने ताठ झाले. पाने करपताना दिसली की त्यांना वाटायचे, तहान लागली आहे. मग ते आणखी पाणी घालायचे. एक थेंबही बाहेर सांडायचा नाही. माझ्या शेजारचे पिल्लू पहिल्यांदा गेले. मग त्याच्या पुढचे. मेलेल्या झाडांनाही ते पाणी घालत राहिले, कारण मेलेले कोणते आणि जिवंत कोणते, हे त्यांना ओळखता येत नव्हते. माझ्या तळाची मुळे कुजली. हवेत लोंबणारी वरची मुळे पाण्याला लागली नव्हती, तेवढ्यावर मी तग धरला.

पावसाळ्याच्या तोंडावर आशालताबाई वॉकर घेऊन घरी परतल्या. दुबईहून आलेली क्लेमेंटीन त्यांना धरून होती. सदानंद मागे पिशव्या घेऊन. जगन्नाथ बादलीसकट जाळीपाशीच होते. ते घाईने उठले.

“एक दिवस चुकवला नाय गं मी,” ते म्हणाले. “तू बघ, कुंड्या ओल्या आहेत.”

आशालताबाईंनी फळीवरून नजर फिरवली. सगळ्या कुंड्यांत काळे खुंट उभे होते.

“कुठलं पाणी, भावजी?”

“आपल्या विहिरीचं.”

 जगन्नाथांनी बादलीत पाहिले. मग ओंजळ भरून ते पाणी प्यायले, थोडेसे नाही, सगळी ओंजळ. आणि तोंड पुसायचे विसरून ओट्याच्या पायरीवर बसले.

“मला काय माहीत,” ते म्हणाले. “मला काय माहीत गं.”

“मी सांगितलं होतं,” आशालताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर सदानंदांना बरे वाटले असते. ते पिशव्या हातात धरून तसेच उभे होते.

आशालताबाईंनी सुरी मागितली. माझे खोड वरच्या मुळांखाली कापले. या वेळी त्या “झालं, झालं” म्हणाल्या नाहीत. शेंडा ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी क्लेमेंटीनच्या हातात दिला.

“तू घेऊन जा. इथं नको.”

तेव्हापासून मी क्लेमेंटीनच्या खिडकीत आहे. तिने मला जीव लावून वाढवले. मला पुन्हा फूल आले तेव्हा ते वेदीवर गेले. आशालताबाई काठी टेकत कधीतरी येतात. मागच्या महिन्यात माझ्या बुंध्याशी पिल्लू फुटले.

“हे मोठं झालं की नेशील ना, आशा बाय?” क्लेमेंटीनने विचारले.

“नेऊन पाणी कुठलं घालू त्याला?” आशालताबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

मित्रांनो, झाडावर माया करणे चांगलेच आहे, पण आपण त्याला काय पाजतो आहोत, तेही पाहा. तुमच्या गावात एखादे तळे, एखादे बावखल अजून शिल्लक असेल. ते बुजवायचे बोलणे मोठ्या माणसांत निघेल आणि सगळे चहाच्या कपाकडे बघत बसतील. तुम्ही लहान असलात तरी बोला. भांडण झाले तरी चालेल. भाऊ पुढेमागे पुन्हा बोलू लागतात. गोडे पाणी एकदा गेले की कुणाच्या बोलावण्याने परत येत नाही.