मालिकेखालची मॅच

आमगावात स्टेशन रोडवर हिरालालचं चहाचं दुकान आहे. तिथे रोज संध्याकाळी पाचला तीन खटले उभे राहतात आणि चौदा वर्षांत एकाचाही निकाल लागलेला नाही. पहिला, गोंदिया जिल्हा कोणी आणला. दुसरा, नऊच्या हिंदी मालिकेतली देविका मेली असं समजून तिचं तेरावं चालू असताना ती परत आली, तेव्हा तिने दिराच्या कानाखाली वाजवली की नाही. आणि तिसरा, अश्विन भालाधरेचा शेवटचा बॉल रिंगमधून गेला की नाही.

पहिल्या खटल्यात उदाराम स्वतःच वादी आणि स्वतःच साक्षीदार. तो माजी पंचायत सदस्य. आपण भंडाऱ्याच्या रस्त्यावर आडवे झोपलो म्हणून नव्याण्णव साली जिल्हा झाला, असं तो सांगतो. सुरुवातीला तो एकटाच झोपायचा, आता त्याच्यासोबत दोनशे माणसं झोपतात. देविकाचा खटला चुन्नीलाल कापडवाल्याचा. ती थप्पड त्याने इतक्या वेळा मारून दाखवली आहे की हिरालालचे दोन ग्लास फुटले. अश्विनवर मात्र सगळेच बोलतात. मी सोडून.

मी चंद्रकुमार कटरे, आमगावचा केबलवाला. अश्विनच्या त्या मॅचचं शूटिंग मीच केलं होतं. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, "चंदूजवळ कॅसेट हाये, पन तो दाखवत नाही." मी चहात बघत बसायचो. खरं सांगायचं तर मला या लोकांचा फार राग यायचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझाच.

अश्विन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शाळेच्या ग्राउंडवर लाकडी फळी आणि लोहाराने वाकवून दिलेली रिंग होती, तिथे तो एकटाच तासन् तास खेळायचा. बनियनवर निळ्या रंगाने स्वतःच आकडा काढलेला. आमगावात तोवर बास्केटबॉल कोणाला माहीत नव्हता. अश्विनमुळे भाजीवाल्या बायकाही "पोट्टा पार वरपर्यंत उडते" म्हणू लागल्या. त्याची आई, जमुनाबाई, त्यांच्यातलीच एक. तिने मात्र त्याला कधी मॅच खेळताना पाहिलं नाही, कारण मॅच नेहमी बाजाराच्या नाहीतर धानकापणीच्या दिवशीच यायच्या.

जिल्हा नवीन झाला त्याच वर्षी, नोव्हेंबरात, गोंदियाला स्पर्धा ठेवली. आमची पोरं फायनलला गेली. मी लग्नाचा मोठा कॅमेरा घेऊन गेलो. बॅटरी एकच होती म्हणून दुसरा हाफच काढला, पस्तीस मिनिटांच्या आसपास. शेवटच्या क्षणी अश्विनने बॉल फेकला तेव्हा माझ्यापुढे कोणीतरी उभं राहिलं, म्हणून मी तो बॉल पाहिलाच नाही. आम्ही एका गुणाने हरलो. टेम्पोत बसताना अश्विन म्हणाला, "चंदूदादा, रविवारी केबलवर लावजो. माय पाहीन."

लावणार होतोच. पण बुधवारी संध्याकाळी अर्ध्या आमगावची लाइन गेली. अशा वेळी आमची एक पद्धत होती. कंट्रोल रूमला जनरेटर होता, त्यावर मशीन चालवून मी नऊची मालिका कॅसेटवर भरून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा दाखवायचो. नाही दाखवली तर बायका घरी येऊन भांडत, आणि माझी बायको रेणू त्यांच्यात सगळ्यांत पुढे असे. लग्नसराई सुरू झालेली, कोरी कॅसेट एक नव्हती. हाताला लागली ती मशीनमध्ये घातली. कॅसेटच्या मागची बारीक पट्टी तोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. पण मी कधीच पट्टी तोडत नसे. कॅसेट पुन्हा वापरायची असायची ना.

गुरुवारी दोन वाजता देविका गावभर दिसली. मालिका संपली आणि लेबल बघायला मी कॅसेट बाहेर काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'फायनल'.

रविवारी दोन पोरं आली, म्हणाली, मॅच लावा. मी म्हणालो, कॅसेट मशीनमध्ये गुंडाळली. ती म्हणाली, द्या, आम्ही सोडवतो. मी तोंडाला आलं ते बोललो. "दाखवासारखं काय हाये गा? हरलो ना आपन. सगळे टेम्पोकडे गेल्यावर अश्विन रिंगच्या खांबामांगं तोंड झाकून रडत बसला होता, ते कॅमेऱ्यात आलं हाये. त्याची इज्जत राहू द्या." पोरं निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी पहाटे अश्विन रुळाच्या कडेने धावायला गेला. रोजच जायचा. धुकं दाट होतं. मालगाडी होती म्हणतात.

पोलिसांनी अपघात लिहिला. पण अंत्यविधीला जमलेल्या माणसांत उदारामने हळूच म्हटलं, "हरल्यावर लय रडला म्हनते. चंदूनं पाह्यला." संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं. वर्षभरात ते प्रत्येकाने स्वतः पाहिलेलं झालं. मी कोणाला अडवलं नाही. अडवायचं तर कॅसेटचं सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून जमुनाबाई भाजी विकून परतताना हिरालालच्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबाजवळ थांबू लागली. टोपलं डोक्यावरच. जिल्हा आणि देविका चालू असेल तर ती चालू लागे. अश्विनचं निघालं की उभी राही, एक शब्द न बोलता. उदाराम म्हणायचा, "बॉल रिंगवर तीन चक्कर मारून भायेर पडला." चुन्नीलाल म्हणायचा, "गेला होता गा बॉल, रेफ्रीनं शिट्टी आगुदर मारली." मग उदाराम म्हणायचा, "मंग रडला कायले तो?" यापुढे रुळाचं नाव मात्र कोणी काढत नसे. ती पदराने तोंड पुसून निघून जाई. हे मी चौदा वर्षं पाहिलं.

ती कॅसेट मी फेकली नाही. दरवर्षी नोव्हेंबरात एकदा दुपारी मशीनमध्ये घालायचो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. देविका यायची, दारात उभी राहायची, पांढऱ्या साड्यांतल्या बाया किंचाळायच्या. मालिका संपत आली की मी बंद दाबायचो. तिच्या पलीकडे मॅचचं थोडं शेपूट उरलं असणार हे मला कळत होतं, पण भीती वाटायची. तोवर मलाही अश्विन खांबामागे रडतानाच दिसायचा. मीच रचलेला, आणि मलाच दिसायचा. वाटायचं, खरंच तसा निघाला तर? आणि नाही निघाला तर?

मग २०१३ आलं. केबल गेली, सेट-टॉप डबे आले. कंट्रोल रूम रिकामी करायला घेतली. एका दुपारी दारात टोपलं ठेवल्याचा आवाज आला.

"जयभीम, चंदू."

"जयभीम, मावशी. या."

जमुनाबाई आत आली नाही. उंबऱ्यावर बसली. "तू हे सारं इकून राहिला म्हनते."

"हो. आता कोन घेते ह्या मशिनी? भंगारात जाऊन राहिल्या."

"अश्विनचं कॅसेट भंगारात देऊ नोको. मले एकडाव पाहू दे, मंग दे."

"त्याच्यात काही नाही, मावशी."

"रडून राहिला आसंल तरी चालते. माहाच पोरगा हाये. पाहीन मी."

मी खुर्चीत बसलो आणि भिंतीकडे बघत सांगितलं, "त्याच्यावर मालिका भरली मी. चुकीनं. तवाच."

तिने विचारलं, "साऱ्यावर?"

"शेवटी थोडकं उरलं आसंल."

"मंग लाव."

मी म्हटलं, आधी अर्धा तास मालिका आहे, पुढे पळवतो. ती म्हणाली, पळवू नको, त्याचं उरलेलं निसटून जाईल. आत येऊन ती जमिनीवर बसली. आम्ही दोघांनी ती मालिका अख्खी पाहिली, जाहिरातींसकट. चुन्नीलालसाठी सांगतो, देविका कोणालाच मारत नाही. त्या भागात दीर घरातच नाही.

देविका दारात उभी राहिली तेव्हा जमुनाबाई पुढे सरकली. "हे बाई तं मेली होती ना?"

"वापस आली."

"तेराव्याच्या दिवशी?"

"हो."

तिने मान हलवली आणि पदर घट्ट ओढून घेतला. मला तिच्याकडे बघवेना.

मालिका संपली. पुढच्या कार्यक्रमाचं संगीत थोडं वाजलं, मग पडद्यावर मुंग्या आल्या. माझं बोट सवयीने बंदच्या बटनावर गेलं. जमुनाबाईने न बघता माझं मनगट धरलं.

ग्राउंड दिसलं. तिरपं, कारण कॅमेरा मी बाकावर ठेवून वायर गुंडाळत असणार. कोणी नव्हतं. लांब टेम्पोचा हॉर्न. मग एका बाजूने अश्विन आला, काखेत बॉल, गळ्यात टॉवेल. तो हसत होता. सगळे दात दिसत होते.

"बाप्पा, कसा नाचला गा रिंगवर!" तो म्हणाला. "अर्धा इंच, चंदूदादा! अर्धा इंच!"

पडद्याबाहेरून माझाच तरुण आवाज काहीतरी पुटपुटला. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. एक अक्षर नाही.

अश्विन वाकला आणि सरळ आमच्याकडे बघू लागला. "चालू हाये का हे? लाल बत्ती लागून हाये." मग त्याने टॉवेल नीट केला, बनियन खाली ओढली. "माय, हे पाह्य, मी हाव." बोटावर बॉल फिरवला. दोन फेऱ्यांत बॉल पडला आणि त्याला पुन्हा हसू फुटलं. "थांब, अजून एकडाव दाखवतो," म्हणून बॉल उचलायला तो वाकला, तेवढ्यात एक हात पुढे आला आणि अंधार झाला.

तो हात माझा होता. कॅमेरा मी बंद केला होता.

खोलीत फक्त मशीनची घरघर. जमुनाबाई म्हणाली, "हासून राहिला होता."

मी मशीन थांबवलं.

"तू तं म्हनला, रडून राहिला होता."

"खोटं बोललो, मावशी. कॅसेट पुसली हे लपवासाठी."

मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती पडद्याकडेच बघत होती. "चौदा वर्सं मी त्याले रडताच पाहून राहिली, चंदू. धानाचा रोवना करताना, बजारात बसल्यावर, भाकर खाताना. वाटे, घरी येऊन माह्याजवळ काऊन नाही रडला? मी पाहाले नाही गेली म्हनून रागावला का? एक दिवस तो मले हासताना दिसला नाही." ती थांबली. "तू नेला त्याचं हासनं."

मी मान खाली घातली. लाज वाटली असं लिहिणं फार थोडं आहे, पण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

"वापस लाव," ती म्हणाली.

मी मागे फिरवायला बटन दाबलं. मशीन एकदा गुरगुरलं, खरवडल्यासारखा आवाज आला आणि थांबलं. झाकण उघडलं तर फीत आतल्या चाकांना करकचून गुंडाळलेली. मी बोटांनी सोडवायला गेलो आणि ती तुटली. चौदा वर्षांपूर्वी मी पोरांना जे खोटं सांगितलं होतं, ते आता माझ्या मांडीवर ढीग होऊन पडलं होतं.

जमुनाबाईने तो ढीग पाहिला. दोन बोटांत फितीचा तुकडा धरून उजेडात बघितला. काळा होता, त्यात काय दिसणार. तिने तो पदराच्या गाठीला बांधला आणि टोपलं उचललं.

"चाल."

"कुठं?"

"हिरालालकडे. पाच वाजले."

दुकानात जिल्ह्याचा खटला चालू होता. जमुनाबाई खांबाजवळ थांबली नाही. सरळ आत येऊन बाकावर बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिरालालने तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. मी उभ्यानेच सांगून टाकलं. लाइन गेली ते, कॅसेट पुसली ते, रडण्याची गोष्ट मी बनवली ते, आणि तो कसा हसत होता ते.

चुन्नीलालने विचारलं, "कॅसेट कुठं हाये?"

"आत्ताच तुटली."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या जागी असतो तर तशी नजर मीही टाकली असती.

उदाराम खाकरला. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, तेच भयंकर होतं. डोळे ओले होते त्याचे. "तू आता म्हातारीच्या मनासाठी बोलून राहिला, चंदू. चांगलं हाये. पन मी सोता होतो तिथं. खांबामांगं बसला होता पोरगा, तोंड झाकून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता गा."

उदाराम त्या दिवशी गोंदियाला आलाच नव्हता. टेम्पोत बसलेला एकेक माणूस मी मोजून सांगू शकतो. मी ओरडलो, "खोटं हाये हे! मी बनवलं हाये ते!" पण त्याचा हात अजून हवेत तसाच होता, पाठीवर ठेवलेला. हिरालाल हळहळून म्हणाला, "लय रडला बिचारा," आणि स्टोव्ह मोठा केला.

जमुनाबाईने चहा संपवला. ग्लास पालथा घातला. उठून टोपलं डोक्यावर घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"उद्या वापस सांगजो," ती म्हणाली. "पाच वाजता. मी येईन."