पारड्यातली हलकी बाळं

मी प्रसूतिगृहातला एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. पारड्याला एक पोचा पडलाय, तेवढा सोडला तर माझ्यात खोट नाही. कारखान्यातल्या कारागिराने पुन्हा पुन्हा वजनं ठेवून माझा काटा बिनचूक केला आणि मगच मला बाहेर सोडलं.

इथे माझे फार लाड झाले. मोठ्या सिस्टर पारड्यात मऊ कापड घालायच्या, तबकडी स्वतः पुसायच्या. बाळ रडलं की आयाबाई म्हणायच्या, "रड राजा, रड! छाती मोकळी होऊ दे."

मग तपासणीचे साहेब येऊ लागले. अडीच किलोच्या आतलं बाळ दिसलं, की लगेच खुलासा मागायचे. "तुमच्याकडेच एवढी हडकुळी पोरं कशी हो, सिस्टर?"

सिस्टर त्या बोलण्याला विटल्या. माझा काटा दोनवर थांबायचा आणि त्या अडीच लिहायच्या. "दूध प्यायलं की भरेल हो तेवढं," असं आयाबाईंना सांगायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती हलकी बाळं तशीच घरी जायची. त्यातली काही पुढे लसीलाही आली नाहीत. मला फार राग यायचा, पण माझ्याकडे बघतंय कोण?

कुठल्या दवाखान्याला काय द्यायचं, हे वरच्या कचेरीत आकडे पाहून ठरतं. अशक्त बाळांना उबेत ठेवायची काचपेटी आली, तेव्हा आमचे आकडे चांगले गुटगुटीत होते. पेटी दूरच्या दवाखान्यात गेली. साहेबांनी सिस्टरांची पाठ थोपटली.

पुढे सिस्टरांचीच लेक दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. नातवाला त्यांनी स्वतः पारड्यात ठेवलं. माझा काटा दीडवरही पोचला नाही.

"पेटी हवी हो, पेटी!"

"ती आपल्याकडे कुठाय, सिस्टर?" आयाबाई म्हणाल्या.

बाळाला उराशी धरून सिस्टर गाडीत बसल्या. ते वाटेतच गार पडलं.

परत आल्यावर त्यांनी त्याचं वजन खरं लिहिलं. खाटेवरून लेकीने विचारलं, "आई, आपल्याकडे का नव्हती गं पेटी?" सिस्टरांनी फडकं घेतलं आणि माझी तबकडी पुसायला लागल्या.

मित्रांनो, मला पुसा, नका पुसू. पण माझ्या पारड्यात बाळ जेवढं भरेल, तेवढंच लिहा. त्या लेकीला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.