सोमवारी आलेले ऑस्कर

राजानंदने जुन्या जालन्यात शोभेच्या माशांचं दुकान टाकलं तेव्हा त्याला माशांतलं काही कळत नव्हतं. त्याला शिकवलं तातेरावांनी. ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, अंकुशनगरला राहायचे. घरी पाच फुटी टाकीत त्यांनी चार ऑस्कर पाळले होते. सिक्लिड कुळातला हा मोठा, राकट मासा माणूस ओळखतो. तातेरावांचे तर हातातून खायचे.

दुकानात आले की तातेराव अर्धा अर्धा तास काचेपुढं उभे राहायचे. "आधी खायला टाक. खात न्हाई तो मासा घरी न्यायचा न्हाई. अन् टाकीत एक जरी मेलेला दिसला, तर त्या पाण्यातला कोणताच उचलायचा न्हाई," असं गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचे. त्यापायी एखादं गिऱ्हाईक हातचं जायचं. राजानंद हसून घ्यायचा, पण आतून चडफडायचा.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, नवे ऑस्कर आले. रात्रभर बसच्या टपावर पेटी गारठली होती. सोमवारी त्याने ते टाकीत सोडले आणि मंगळवारी सकाळी दोन मेलेले काढले. उरलेल्यांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते; एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग. नवा माल दहा दिवस वेगळा ठेवायचा, विकायचा नाही, हेही त्याला तातेरावांनीच शिकवलेलं. वेगळी टाकी रिकामी नव्हती, म्हणून त्याने ते समोरच ठेवले.

दुपारी तातेराव आले. त्यांचा एक ऑस्कर म्हातारा होऊन मेला होता आणि त्याचा जोडीदार कोपऱ्यात तोंड घालून बसत होता. शेजारी भोकरदनचा परमेश्वर, लेकीसाठी मासे घ्यायला आलेला, उभा होता.

तातेराव काचेजवळ वाकले, डोळे चोळले आणि मागं सरले. "मोतीबिंदू झालाय. बारीक काही दिसत न्हाई बघ. तूच सांग, राजा. कवा आल्ते हे?"

"झाले की पंधरा दिवस." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते राजानंदच्या ध्यानात आलं.

"खातात?"

"बराबर खातात."

"अंगावर ठिपके?"

मागचा एक मासा तळातल्या खड्यांवर अंग घासत होता. राजानंदनं तो पाहिला. परमेश्वर ऐकत होता. आता शब्द मागं घ्यायचा तर त्याच्यादेखत घ्यावा लागणार होता.

"बिलकुल न्हाई, काका. साफ आहेत."

"मंग दे एक."

"काका घेतात तर आम्हालाही दोन द्या," परमेश्वर म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी त्यातलेच नेले.

बाराव्या दिवशी तातेरावांच्या बायकोचा, केशरबाईंचा, फोन आला. "टाकी काढायची म्हणतात. तुम्ही येता का?"

राजानंद अंकुशनगरला पोचला तेव्हा तातेराव टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. टाकीत एकच ऑस्कर उरला होता. तो कुशीवर पडून कल्ले उघडझाप करत होता, आणि सगळं अंग पीठ शिंपडल्यासारखं पांढरं झालं होतं.

"नवा आधी गेला. मंग हे एकेक करून," तातेराव म्हणाले. "तुझ्याकडं पंधरा दिवस राह्यलेला म्हणून मी सरळ ह्यांच्यात सोडला. चूक माझीच. पाणी बदलताना काहीतरी चुकलं असणार. दिसत न्हाई ना मला."

"रात्री उठून टाकीला हात लावून बसतात," केशरबाई म्हणाल्या. "मी चुकलो, मी चुकलो, हेच चालू आहे."

राजानंदनं पाणी उपसायला आणलेली बादली खाली ठेवली. निघून जाणं सोपं होतं; म्हाताऱ्यानं दोष स्वतःच्या अंगावर घेऊन त्याला मोकळं केलंच होतं. पण केशरबाई पदरानं डोळे टिपत होत्या.

"काका, पंधरा दिवस न्हाई. आदल्या दिवशी आल्ते ते. दोन मेले होते सकाळीच. ठिपकेही होते."

तातेराव त्याच्याकडं वळले.

"तू पाह्यले होतेस ठिपके?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं."

"हो, काका."

केशरबाई उठून आत गेल्या. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. तातेरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. राजानंदला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणखी कोणाला दिले?" त्यांनी विचारलं.

"तिघांना."

"त्यांना सांगितलं?"

"न्हाई."

"मंग हितं काय करून राह्यलास? जा. अन् पुन्हा ह्या घरी येऊ नको."

एसटीच्या थांब्यावर उभं राहून त्यानं फोन लावले. पहिल्यानं उचलला नाही. दुसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन कापला. परमेश्वरनं मात्र सावकाश सांगितलं, "परवाच रिकामी केली टाकी. आधीचे सातही गेले. आमच्या छकुलीनं एकेकाला नाव ठेवलं होतं. काय औषध होतं का हो त्याच्यावर?"

"होतं," राजानंद म्हणाला. "पहिल्या दिवसापासून दिलं असतं तर वाचले असते."

जालन्याची बस आली, थांबली आणि गेली. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.