पितळी चाळणी आणि अण्णांचे तारे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चाळणी आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, देवासमधल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत अण्णा मला हलवत बसले होते. अण्णा म्हणजे दत्तोपंत, गल्लीतल्या दत्तमंदिराचे पुजारी. अंगावर रेशमी मुकटा, खाली पाट, आणि माझ्यातून झरझर पडणारी काळी पूड.

“अहो, भात निवतोय!” त्यांच्या पत्नी, इंदूताई, जिन्यावरून ओरडल्या.

“आलो. वर येऊ नकोस, सोवळ्यात आहे मी. शिवशील.”

“त्या घाणीत कसलं सोवळं राहतंय तुमचं!”

दोघेही हसले. त्या घरातली ती शेवटची साधी दुपार.

माझा जन्म धारच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. इंदूताईंच्या आईने मला लेकीच्या लग्नात घेतले. वर्षानुवर्षे मी तांदळाचे पीठ चाळले. त्या पिठाच्या अनारशांना सुरेख जाळी पडे आणि पाहुण्या बायका मला हातात घेऊन बघत. धुऊन, पुसून, उन्हात ठेवलेली मी घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू होते. हा माझा गर्व होता, आणि तो मला अजून सोडत नाही.

मग एका वर्षी मंदिराच्या उत्सवाला बाजारचे फटाके कशाला, म्हणून अण्णांनी स्वतः तारे करायचे ठरवले. तारे म्हणजे बाणाच्या डोक्यात भरायचे दारूचे तुकडे. ते पेटले की आकाशात झगमगत, लुकलुकत खाली येतात. त्यासाठी अण्णांना बारीक चाळणी हवी होती. त्यांनी मला फडताळातून उचलले. इंदूताईंना विचारलेही नाही.

मित्रांनो, धातूला किळस येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला येते. कोळसा, गंधक आणि चांदीसारखी दिसणारी ती भुकटी माझ्या भोकाभोकांत बसली. ओल्या पुडीला नासक्या अंड्याचा वास येई. अण्णा तिचा गोळा मळत, लाटत आणि शंकरपाळ्यांसारखा कापत. ज्या सुपात इंदूताई गहू पाखडत, त्याच सुपात ते काळे तुकडे वाळत. त्यांच्यावर माशीसुद्धा बसत नसे. त्यानंतर मला कधी कुणी धुतले नाही. धुऊन तरी कुठे ठेवणार? स्वयंपाकघर मला तुटले होते.

आणि खाली गल्ली टाळ्या वाजवी. शेजारचा शालिग्राम दरवर्षी ओरडे, “काका, इस बार तो आसमान फाड़ दो!” अण्णा लाजत, पण दुसऱ्या दिवशीच पुढच्या वर्षाच्या गप्पा सुरू करत. माना वर करून तोंडे उघडी टाकलेल्या त्या गर्दीची मला पुडीपेक्षा जास्त शिसारी येई.

त्यांची मुलगी ऋजुता धारच्या कॉलेजात शिकवते. खूप वाचते, कमी बोलते. सणाला घरी आलेली ती, त्या शेवटच्या दुपारी गच्चीवरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात नवे सुती पंचे होते.

“अण्णा, रेशीम अंगावर घासलं की ठिणगी उडते. दारूजवळ मुकटा नको. हे नेसा.”

“सुती एकदा कुणी शिवलं की गेलं. रेशमाला विटाळ नाही. देवाचं काम आहे बाई हे.”

“देवाला चालेल सुती.”

“तू प्रोफेसर झालीस म्हणून देवाचं तूच ठरवणार?” ते हसत म्हणाले.

तिला आणखी काही बोलायचे होते. पण ती पंचे कोनाड्यात ठेवून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा कोरडी आणि गार होती. अण्णांनी मुकटा नेसताना तो चटचट वाजला. मला उचलायला त्यांनी हात पुढे केला. बोट माझ्या कडेला लागण्याआधीच मधल्या फटीत निळसर काहीतरी चमकले. पुढचे मी सांगणार नाही. अण्णा इंदूरच्या इस्पितळात गेले आणि परत आले नाहीत. पंचे कोनाड्यातच अर्धवट जळले.

तेरावे झाल्यावर शालिग्राम बसायला आला. चहा घेऊन झाल्यावर म्हणाला, “काकी, छत के कोने में सूप ढँका रखा है। काका के तारे हैं उसमें। दत्त जयंती पे छोड़ दें? आत्मा को शांति मिलेगी। पिछले साल क्या फूटे थे, भिया!”

पोलीस येऊन गेले तेव्हा त्या सुपाची कुणालाच आठवण झाली नव्हती. इंदूताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “ऋजू, त्यांच्या हातचे शेवटचे आहेत गं. उडू दे का?”

ऋजुता उठली. गच्चीवर आली. मागून ते दोघेही आले. तिने सुपाला हात लावला नाही. जळक्या खोलीतल्या राखेतून मला उचलले आणि पदराने माझी कड पुसू लागली. काळे काही निघेना. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पुसणारी ती पहिली.

तुमच्या घरातही कुणी असे असेल, ज्याच्या कौतुकाचा सगळीकडे गाजावाजा होतो. टाळी वाजवण्याआधी त्याच्या हातांकडे बघा. जे बोलायचे ते त्याला ऐकू येते आहे तोवर बोला. मी वस्तू आहे, मला कुणीही कधीही घासून घेईल.

“एकही उडणार नाही,” ऋजुता म्हणाली. “मी ठाण्यात फोन करतेय, हे घेऊन जा म्हणून.”

शालिग्राम काही म्हणणार होता. पण ती त्याच्याशी बोलतच नव्हती. जळक्या पाटाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

“अण्णा, मला किळस यायची तुमच्या ताऱ्यांची. दरवर्षी टाळ्या वाजवल्या त्या खोट्या होत्या. मी वर कधी बघितलंच नाही. सगळे आकाशाकडे बघायचे, तेव्हा मी अंधारात तुमची बोटं मोजत असायचे.”