कोपऱ्यावरचा पिलर

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. अंगावरचा काळा रंग उडाला असला, तरी माझा डोळा अजून शाबूत आहे. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहणाऱ्या जयवंतीबाईंनी निवृत्तीनंतर मला विकत घेतले. त्या शाळेत चित्रकला शिकवत. रोज सकाळी एका तरी इमारतीचा फोटो काढायचा, हा त्यांचा नेम.

जवळच्या नंदाखाल गावात गेलो की त्या तिथल्या जुन्या घरांचे ओटे टिपत. ही घरे रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि आमच्याकडच्या इमारती एकमेकींना पाठ लावून उभ्या राहतात, असे त्या म्हणत. तरी जिन्यात तिरपे येणारे मनवेलपाड्यातले ऊनही त्यांना आवडे.

एका सकाळी शेजारच्या इमारतीचा कोपऱ्यावरचा पिलर त्यांना खटकला. दुकानाचा गाळा रुंद करायला कुणीतरी तो तासला होता. गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि भेग वर चढत होती. मग त्या रोज तिथेच थांबू लागल्या. भेग वाढतच गेली. त्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धेश याला त्यांनी फोटो दाखवले. त्याने ते नीट पाहिले. पण एवढी बिऱ्हाडे भाड्याने कुठे जाणार, गणपती झाले की काम काढू, असे तो म्हणाला. जयवंतीबाई दारोदार गेल्या. फक्त उन्नती नावाची एक बाई मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. बाकीच्यांनी चहा दिला.

गणपतीच्या आधीच एका दुपारी तो कोपरा खाली बसला आणि त्याच्यामागून सगळे मजले आले. सिद्धेश कामावर होता. त्याची आई घरात होती.

काही आठवड्यांनी तो आमच्या दारात आला. घरातला एकही फोटो ढिगाऱ्यातून निघाला नव्हता.

"काकू, आई सकाळी खिडकीत असायची," तो म्हणाला. "तुमच्या एखाद्या फोटोत आली असेल."

जयवंतीबाईंनी माझ्यातले फोटो एकेक करून दाखवले. पिलर, सळया, भेग, पुन्हा पिलर. एका फोटोत वरच्या कडेला खिडकीची जाळी होती आणि जाळीतून कुंडीला पाणी घालणारा हात. सिद्धेशने तो मोठा करून पाहिला.

"बांगड्या तिच्याच आहेत."

तेवढाच फोटो मोबाईलवर घेऊन तो गेला.

आता जयवंतीबाई आधी तळमजल्यावरचे पिलर पाहतात, मग वर बघतात. खिडकीत कुणी असेल, तर त्यालाही फोटोत घेतात. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. तुम्ही ज्या घरात झोपता, त्याच्या तळाशी एकदा जाऊन पाहा. अशी भेग किंवा उघडी सळई दिसली, तर घरच्या सगळ्यांना घेऊन त्याच दिवशी बाहेर पडा.