गिऱ्हाइकांची तिवई

मित्रांनो, मी तीन पायांची लाकडी तिवई. माझी कड झिजली आहे, रंग केव्हाच उडाला आहे, पण मान खाली घालून बोलायची मला सवय नाही.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. "हिच्यावर हत्ती बसला तर हत्तीच घाबरेल," असं तो म्हणाला होता. मग मी एका कापडाच्या दुकानात आले. गिऱ्हाईक आलं की मला पुढे सरकवत. दमलेली माणसं टेकत आणि सावकाश कापड निवडत. वीस वर्षं मी हे काम केलं. पुढे गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कोठीत झाली. अंगावर खोक्यांची चळत. रुसले थोडी, खोटं कशाला सांगू?

दुकानात एक नियम होता. विकणाऱ्या बायकांनी दिवसभर उभंच राहायचं, समोर गिऱ्हाईक नसलं तरी. त्यांच्यातली धाकटी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. एका दुपारी तिला चक्कर आली आणि तीन मीटरचं कापड अडीच मीटरवरच कापलं गेलं.

"पुन्हा अशी चूक झाली तर उद्यापासून येऊ नका!" मालक ओरडले.

धाकटी पांढरीफटक पडली. बाळ येणार होतं, काम सुटून चालणार नव्हतं.

मावशी ही दुकानातली सगळ्यांत जुनी विक्रेती. ती तडक कोठीत आली, खोकी उतरवली, मला पुसलं आणि काउंटरमागे नेऊन ठेवलं.

"बस गं."

"मावशी, मालक बघतील..."

"बघू देत. पाय त्यांचे सुजलेत की तुझे?"

मालकांनी पाहिलंच. "ही गिऱ्हाइकांसाठी आहे," म्हणत त्यांनी मला कोठीत टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काउंटरमागे! तिसऱ्या दिवशी मला आत टाकून कोठीला कुलूप लावलं.

आता मावशीचं डोकं बघा. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी ती पिशवी घेऊन पुढच्या दाराने आत आली.

"मालक, आज मी गिऱ्हाईक. परकराचं कापड दाखवा. आणि त्या गादीवर माझी कंबर धरते, तिवई काढा."

दुकान भरलेलं होतं. मालकांनी मुकाट्याने कुलूप उघडलं. मावशीने मला उचलून थेट धाकटीजवळ ठेवलं. "माझी जागा मी हिला दिली. मी उभ्याने बघेन."

"मावशी, हा काय तमाशा?"

"तमाशा कसला? गिऱ्हाइकाची मर्जी."

खुर्चीवरचे एक आजोबा खो खो हसले. "पोरगी टेकली की मगच माझं कापड फाडा हो!"

धाकटी भीत भीत बसली. मीही तिन्ही पाय घट्ट रोवले. मालकांनी तिच्या पायांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. चपलेचा पट्टा सुजेत रुतला होता. ते घसा खाकरून म्हणाले, "बसून मोजता येईल ना नीट?"

"उभ्यापेक्षा नीट," मावशी म्हणाली.

नियम त्या दिवशी गेला. धाकटीचं काम राहिलं. बाळंतपणानंतर ती परत आली, आणि आता सगळ्याजणी आळीपाळीने माझ्यावर टेकतात.

मित्रांनो, कुणी दमलेलं दिसलं तर नुसतं हळहळून पुढे जाऊ नका. जागा द्या, हात द्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि मला पुन्हा कोठीत टाकायचं ज्याच्या मनात असेल, त्याने आधी माझ्यावर बसलेल्या बाईला उठवून दाखवावं!